पाठ केलेलं पुरे

६ मार्च, गुरुवार

अकरा दिवस! एका वाक्यासाठी ती अकरा दिवस झटत होती म्हणे.

आज मुलाचा फोन आला. येतायत दोघं — बावीस एप्रिलला, बारा दिवसांसाठी. लग्नाला पाच वर्षं झाली, जोडीनं पहिल्यांदाच येतायत. मी म्हटलं, या. तो म्हणाला, ‘बाबा, या वेळी तिच्याशी जरा बोला. तुमच्याशी पहिल्यांदा फोनवर बोलायचं म्हणून अकरा दिवस एक मराठी वाक्य घोकत होती. भांडी घासताना, बसमध्ये, केस विंचरताना.’ सहज बोलून गेला तो. मी मात्र फोन ठेवल्यावर तिथेच खुर्चीत बसून राहिलो.

ते वाक्य मला शब्द न शब्द आठवतं. ‘बाबा, तुम्ही कसे आहात? तुमच्या घरात आले, मला खूप आनंद झाला.’ उच्चारांची पार खिचडी झाली होती, पण वाक्य पुरं केलं होतं पोरीनं. आणि मी? मुलानं न विचारता, परक्या देशात, कोरियन मुलीशी लग्न उरकलं म्हणून माझं डोकं तापलेलं. तिच्याकडे धड बघितलंही नाही. मुलाला म्हणालो, ‘तिला सांग, पाठ केलेलं पुरे.’

त्यानं तिच्या भाषेत तिला काहीतरी सांगितलं. मी ‘बरं, ठेवतो’ म्हणालो आणि ठेवला.

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत एक अक्षर बोललेली नाही. कोण बोलेल?

७ मार्च, शुक्रवार

जेवण गेलं नाही. अकरा दिवस डोक्यातून जात नाहीत.

८ मार्च, शनिवार

अक्काकडे गेलो. माझी मोठी बहीण, खालच्याच मजल्यावर राहते. वाटाणे सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलायला लागलो आणि सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी तिची भाषा शिकणार. ती आली की तिच्याच भाषेत तिची माफी मागणार.

अक्का हसलीच. ‘तुला स्वतःच्या भाषेत कधी मागता आली नाही ती. बायकोला जन्मात एकदा तरी चुकलं म्हणालास?’

नाही म्हणालो. हिला जाऊन आठ वर्षं झाली, आता म्हणूनही काही उपयोग नाही. पण म्हणूनच तर! एक तरी माणूस हातचं जायच्या आत हे शिकून घ्यायला हवं. हे अक्काला बोललो नाही. तिनं वाटाण्यांचं भांडं उचललं आणि म्हणाली, ‘शिक बाबा. पण घशाला जप.’

११ मार्च, मंगळवार

वर्गाचा पहिला दिवस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ते नऊ. कपड्यांच्या दुकानावरची खोली, लोखंडी जिना, वर गेल्यावर तेरा पोरी. सगळ्या वीसच्या आतल्या. गाणी समजावीत म्हणून कोरियन शिकतायत. मी दारात उभा राहिलो तर एक म्हणाली, ‘काका, लिफ्टचं काम समोरच्या बिल्डिंगमध्ये चाललंय.’ माझी पिशवी बघून तिला वाटलं असणार. चौतीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या, पिशवी बदलायचं सुचलं नाही.

बाई पन्नाशीच्या. बावीस वर्षं एका कोरियन कारखान्यात दुभाषी होत्या. मला पुढच्या बाकावर बसवलं, ऐकायला कमी येतं असं गृहीत धरून. काही बोललो नाही, कारण खरंच कमी येतं.

त्या म्हणाल्या, अक्षरं हळूहळू येतील, आधी उत्तरं शिका. समोरचा काहीही बोलला तरी आपल्याला काहीतरी म्हणता आलं पाहिजे. हो, नाही, बरं, माहीत नाही, काही हरकत नाही, खरंच? एवढ्यावर निम्मं आयुष्य निघतं. मला पटलं. हिच्याबरोबर माझं सगळं आयुष्य ‘हं’ वर निघालं.

घरी येऊन लिफ्टच्या देखभालीचं जुनं रजिस्टर काढलं. निवृत्त होताना सात कोरी उचलून आणली होती, त्यातच ही रोजनिशी लिहितोय. शेवटच्या पानापासून उलटं शब्द लिहायला सुरुवात केली. रकाने आयते छापलेले आहेत — तारीख, बिघाड, काय केलं, शेरा. ‘बिघाड’ खाली मराठी शब्द लिहिला आणि ‘काय केलं’ खाली कोरियन.

१३ मार्च, गुरुवार

‘ने’ म्हणजे हो. ‘आनियो’ म्हणजे नाही. ‘केन्चानायो’ म्हणजे काही हरकत नाही, ठीक आहे. ‘मोल्लायो’ म्हणजे माहीत नाही.

बाईंनी मला उभं केलं. ‘काका, चहा घेणार?’ मी म्हटलं, ‘ने.’ पोरींनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा गोष्टीनं छाती फुगली. मग घरी येताना आठवलं — ती अख्खं वाक्य बोलली होती. तिला कोणी टाळ्या वाजवल्या?

२० मार्च, गुरुवार

आजचा धडा अवघड. एकाच गोष्टीची दोन उत्तरं असतात! मोठ्या माणसाला, परक्याला ‘ने’ म्हणायचं. जवळच्याला, बरोबरीच्याला ‘उंग’. दोन्ही हो-च. तसंच ‘आनियो’ मानाचं आणि ‘आनी’ घरगुती. ‘केन्चानायो’ मानाचं, नुसतं ‘केन्चाना’ घरगुती. शेवटच्या ‘यो’ मध्ये सगळी मर्यादा. मी म्हटलं, म्हणजे आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे. बाई म्हणाल्या, ‘त्याहून कडक. मोठ्याला उंग म्हटलं तर माणसं उठून जातात.’

मागच्या बाकावरची एक म्हणाली, ‘मग नुसतं ने-ने करत राहिलं तर? भांडणच नको.’ बाई हसल्या. ‘तसंही नाही. जन्मभर ने म्हणणारं माणूस जन्मभर पाहुणाच राहतं.’

मी रजिस्टरमध्ये ‘ने’ खाली दोन रेघा मारल्या. मला ते लागणार. ‘उंग’ माझ्या कामाचं नाही.

२५ मार्च, मंगळवार

समोरच्या इमारतीत लिफ्ट मजल्याच्या इंचभर खाली थांबते म्हणून बोलावलं होतं. निवृत्त झालो तरी बोलावतात, नव्या पोरांना कान लावून आवाज ओळखता येत नाहीत. वर मशीनखोलीत एकटाच होतो. मोटरच्या घरघरीत मोठ्यानं सराव केला. ने! आनियो! मोल्लायो! खाली उतरलो तर सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, झालं का काम? मी म्हटलं, ‘ने.’ ते म्हणाले, ‘नाही झालं?’ अर्धा तास समजूत घालावी लागली.

अक्काला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं, पुष्कळ दिवसांनी.

३० मार्च, रविवार

दर रविवारसारखा फोन. मुलगा पडद्यावर, ती मागे. सोफ्यावर मांडी घालून वाडग्यातून काहीतरी खात होती. मला बघून चमचा वर करून हलवला आणि परत खायला लागली. पाच वर्षं हेच. ना वाकणं, ना विचारपूस. सासऱ्यासमोर तोंड हलवत बसते! आधी मला राग यायचा. आता वाटतं, तो राग तिचा आहे, मला दाखवतेय. पाठ केलेलं पुरे म्हणालास ना, मग घे.

मी तोंडातल्या तोंडात जुळवलं होतं — आन्न्यॉन्हासेयो, म्हणजे नमस्कार. ओठापर्यंत आलं. आणि मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला काही म्हणायचंय का?’ मी म्हणालो, ‘नाही. बरं, ठेवतो.’

भेकड!

५ एप्रिल, शनिवार

वर्ग सुटल्यावर थांबलो. बाईंना म्हटलं, मला एक वाक्य हवंय. पहिल्या फोनवर मी वाईट बोललो, मला माफ करा — एवढंच. त्यांनी विचारलं, कोणाला म्हणायचंय? सगळं सांगावं लागलं. त्यांनी फळा पुसायचा थांबवला.

‘सुनेला नुसतं “मियाने” म्हटलं तरी चालेल, काका. लहान माणसाला तेच म्हणतात.’

म्हटलं, नाही. मोठ्या माणसाची मागतात ती माफी द्या. खालची नको. मग त्यांनी दिली. ‘छॉत चॉन्ह्वा त्ते चेगा मारूल चाल्मोथेस्सॉयो. चॉंगमाल चेसोंगहम्निदा.’ दोन वाक्यं. पाहिल्यावर घामच फुटला.

बाई म्हणाल्या, ‘एक सुचवू? आधी मुलाशी बोला. तेव्हा तिला नेमकं काय कळलं, ते त्याला विचारा. इतकी वर्षं मी दोन माणसांच्या मधे बसून काढली आहेत, म्हणून सांगते.’

मी ऐकलं नाही. म्हटलं, अपमान मी मुलाच्या तोंडून केला, माफी तरी माझ्या तोंडून जाऊ दे. मधे माणूस नको. बाईंनी मान डोलावली. पण त्यांना पटलं नव्हतं, दिसत होतं.

९ एप्रिल, बुधवार

चौथा दिवस. पहिलं वाक्य अर्धं येतं. दुसऱ्यात ‘चेसोंग’ला जीभ अडकते.

१६ एप्रिल, बुधवार

अकरावा दिवस! तिला तेवढ्यात आलं होतं. मला अजून नाही. दाढी करताना, भाजी चिरताना, जिना चढताना, सगळीकडे घोकतोय. म्हणजे नेमकं काय मागत होती ती तेव्हा माझ्याकडे, ते आता कळतंय. चूक सुधारून द्यायची होती, वाः म्हणायचं होतं, निदान ‘हं’ तरी. एका ‘हं’ नं माझं काय गेलं असतं? हिनं ऐकलं असतं तर मला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

आलं! न अडखळता, दोनदा. पोरींनी बाक वाजवले. मला आता त्या हाराबॉजी म्हणतात, म्हणजे आजोबा. बाईंनी नुसतं ‘चांगलं झालं’ म्हटलं.

२२ एप्रिल, मंगळवार

आले.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. ती समोर आल्यावर कमरेत वाकलो आणि म्हटलं, ‘आन्न्यॉन्हासेयो.’ मुलाच्या हातातली बॅग सुटून पायावर पडली. ती क्षणभर तशीच उभी. मग एवढ्या मोठ्यानं हसली की अक्का दार उघडून बाहेर आली. वाकली नाही, काही नाही. सरळ माझ्या दंडात हात घालून जिना चढायला लागली. वर येईपर्यंत तिच्या भाषेत घडाघडा बोलत होती. एक शब्द कळेल तर शपथ.

ती पडद्यावर दिसते त्याहून लहान आहे चणीनं. हात मात्र घट्ट आहे.

मुलाचा चेहरा उतरलेला वाटला. प्रवासानं असेल. ‘बाबा, कधी शिकलात? मला बोलला का नाहीत?’ मी म्हटलं, तुला विचारून करायला तू तरी कुठे काही विचारून करतोस. हसला, पण पोटातून नाही.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी तिला मानानं विचारलं, ‘चाल चास्सॉयो?’ म्हणजे झोप नीट झाली ना. ती म्हणाली —

‘उंग.’

मला वाटलं, कमी ऐकू येतंय. चहा हवा का विचारलं. ‘उंग.’ साखर? ‘आनी.’ सासऱ्याला तोंडावर अरे-तुरे! मी तिला ‘यो’ लावून बोलतोय आणि ही मला वर्गातल्या मैत्रिणीसारखी उत्तरं देतेय. नंतर खुर्चीत पाय वर घेऊन बसली. माझ्या ताटलीतला टोस्ट उचलून खाल्ला, न विचारता.

संध्याकाळपर्यंत चौदा वेळा ‘उंग’. मी मोजले. मोजावे लागावेत हेच वाईट.

पण राग नाही आला. आधी आला, मग गेला. मला कळलं हे काय आहे. माझ्याच घरात बसून, माझ्याच तोंडावर, ती पाच वर्षांपूर्वीचं फेडून घेतेय. घेऊ दे. माझ्या कर्माची फळं मीच खायची.

२४ एप्रिल, गुरुवार

वर्गाला दांडी. बाईंना फोन केला. विचारलं, मोठ्याला उंग कोण म्हणतं? त्या म्हणाल्या, ‘घरातलं माणूस म्हणेल की. मुलगी वडिलांना म्हणते, आईला म्हणते.’

‘आणि सासऱ्याला?’

‘सासऱ्याला शक्यतो नाही. का, कोणी म्हटलं का?’

‘कोणी नाही,’ म्हणालो. खोटं बोलायची सवय जात नाही.

२६ एप्रिल, शनिवार

समोरच्या इमारतीतून परत बोलावणं. लिफ्ट थांबताना हिसका मारते. मुलगा लॅपटॉपवर कंपनीचं काम करत बसलेला. ती माझी पिशवी उचलून दारात उभी राहिली. नको म्हटलं तरी हलेना.

मशीनखोलीत तिला दाराजवळ उभं केलं, बॅटरी हातात दिली. मी ब्रेक उघडला. जिथे हवा तिथे प्रकाश, न सांगता. माझा हात सरकायच्या आधी उजेड तिथे हजर. चौतीस वर्षांत दोनच मदतनीस असे मिळाले. ब्रेकचे पट्टे झिजलेले, ते तिला दाखवले. तिनं अंगठ्यानं चाचपून बघितले आणि तोंड वाकडं केलं, अगदी मी करतो तसं. मग मी खालून वर, ती वरून खाली, अशी आमची ओरडाओरड. मी विचारलं, ‘केन्चाना?’ वरून आवाज आला, ‘केन्चाना!’

घरी येताना लक्षात आलं, मीही ‘यो’ लावायचा विसरलो होतो. शरमलो. माफी मागायची आहे आणि वर हे!

येताना तिनं रस्त्यात माझ्या बाहीचा काळा डाग स्वतःच्या रुमालानं पुसला. निघाला नाही. खरं सांगायचं तर आजचा दिवस छान गेला. पण असा चोरून घेतलेला छान दिवस काय कामाचा? मधे तो फोन तसाच पडलाय. तो उचलल्याशिवाय यातलं काही माझं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

मुलाला घेऊन भाजी आणायला गेलो. म्हटलं, तिला इथे कसं वाटतंय? तो म्हणाला, ‘खूप खूश आहे. तुम्ही असेच राहा बाबा. काही बदलू नका, काही बोलू नका, आहे ते छान आहे.’

हा लहानपणापासून असाच. हिच्या नि माझ्या भांडणात इकडचं तिकडे गोड करून सांगायचा. पण बुरशी आली तर वरून रंग मारून भागत नाही. ठरलं. परवा.

३० एप्रिल, बुधवार

मागितली.

दुपारचा चहा. ती खुर्चीत पाय वर घेऊन, मुलगा खिडकीपाशी. मी कप खाली ठेवला, उभा राहिलो, दोन्ही हात मांडीला चिकटवून वाकलो आणि दोन्ही वाक्यं म्हटली. एकाही शब्दाला अडखळलो नाही. बाईंनी ऐकायला हवं होतं.

ती आधी हसली. मी विनोद करतोय असं वाटलं असेल. मग मी तसाच वाकलेला बघून हसू थांबलं. ‘वे?’ म्हणाली. म्हणजे, का? मी परत पहिलं वाक्य म्हटलं, सावकाश. पहिल्या फोनवर मी वाईट बोललो. तिनं मुलाकडे बघितलं.

तो मला म्हणाला, ‘बाबा, राहू द्या ना.’ म्हटलं, नाही, राहू देणार नाही. पाच वर्षं राहू दिलं. तू सांग तिला, ‘पाठ केलेलं पुरे’ म्हणालो होतो त्याची माफी मागतोय. जसंच्या तसं सांग.

मग ते दोघं त्यांच्या भाषेत बोलले. बराच वेळ. तो खाली मान घालून, ती त्याच्याकडे बघत. मला एकच शब्द उचलता आला — ‘चॉंगमाल?’ म्हणजे खरंच? त्यानं मान हलवली. मग ‘उंग’ म्हणाला.

तिनं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. स्कर्ट सारखा केला. उठून उभी राहिली, माझ्याकडे वळून वाकली आणि म्हणाली, ‘ने. केन्चानायो.’

‘ने’ म्हणाली! आणि ‘यो’ लावून! मला भरून आलं. तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेलो आणि विनाकारण नळ सोडून उभा राहिलो. हिला म्हटलं मनात, बघ, जमलं मला. उशिरा का होईना, एकदा जमलं.

१ मे, गुरुवार

कालपासून सगळं बदललंय! चहा विचारला, ‘ने’. कप दोन्ही हातांनी घेतला. मी खोलीत आलो की उठून उभी राहते. खुर्चीत पाय वर नाहीत. ताटलीला हात नाही. जेवताना मी पहिला घास घेईपर्यंत थांबली. पाच वर्षांत पहिल्यांदा सून घरात आल्यासारखं वाटलं. एक साधी माफी — आधीच मागितली असती तर पाच वर्षं वाचली असती.

अक्काकडे जाऊन सांगून आलो. ती म्हणाली, ‘सकाळी जिन्यात भेटली मला. आज हसली नाही ती.’

म्हटलं, मान ठेवणारं माणूस सारखं खिदळत नसतं. अक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

२ मे, शुक्रवार

समोरच्या इमारतीत ब्रेकचे नवे पट्टे बसवायचे होते. येतेस का विचारलं. ‘आनियो, केन्चानायो.’ वाकून म्हणाली. एकटाच गेलो. एका हातात बॅटरी, एका हातात पाना, वेळ लागला.

दिवसभरात ‘उंग’ एकही नाही.

३ मे, शनिवार

वर्गात जाऊन बाईंना पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा दिला. म्हटलं, जमलं. त्या म्हणाल्या, ‘काय म्हणाली?’ सांगितलं. ‘आधी काय म्हणायची?’ तेही सांगितलं, आता लपवायचं काय. बाईंनी पुडा टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘काका, मुलाशी बोलून घ्या.’ परत तेच! मास्तर लोकांना शिष्य आपल्या पुढे गेलेला सोसत नाही.

घरी बॅगा भरणं चाललंय. दोघं एकमेकांशी फार बोलत नाहीत. उद्या जायचं म्हणून असेल.

४ मे, रविवार

गेले.

बॅगा घेऊन ती आधी उतरली. दारात वाकली, ‘ने, ने’ म्हणाली, उतरली. मुलगा अर्ध्या जिन्यातून परत वर आला. उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, ‘बाबा, तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते मी तिला बुधवारपर्यंत जसंच्या तसं सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं — बाबा म्हणतात, पाठ केलेलं पुरे, माझ्याशी मुलगी वडिलांशी बोलते तशी बोल. तिचे वडील ती आठ वर्षांची असताना गेले. असं बोलायला तिला दुसरं कोणी नव्हतं.’

 खाली हॉर्न वाजला, तो गेला.

खिडकीशी गेलो. गाडीचं दार उघडून ती थांबली होती. मला बघितलं, हात खाली सरळ घेतले आणि कमरेतून पूर्ण वाकली. अगदी रीतसर.